सातवं फूल

माझी ताई कोणाच्याही घरी गेली की आधी भिंत वाजवते, पाणी नंतर पिते. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवायचं, पेराने टक टक करायचं आणि मान तिरकी करून ऐकायचं. घरातली माणसं हातात ग्लास घेऊन ताटकळत उभी असतात. "हिच्या आत ओल आहे," असं शांतपणे सांगून मग ती खुर्चीवर बसते. माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याचं घर बघायला आली होती. चारही खोल्या वाजवून झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, "भिंती चांगल्या आहेत. माणसाचं तुझं तू बघ."

ताई जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंती दुरुस्त करते. आमच्या जुन्या बाजारपेठेत शंभर-सव्वाशे वर्षांच्या इमारती आहेत. खाली दुकानं, वर बिऱ्हाडं आणि रस्त्याकडच्या अंगाला दगडी कमानी, वेली, फुलं. ताईला छप्पन्न पूर्ण झाली. तिच्या बरोबरीच्या बायका जिना चढताना दोनदा थांबतात आणि ही तिसऱ्या मजल्यावर, परांचीच्या फळीवर उकिडवी बसून दगडी पानाची कड नीट करत असते. तिला 'मॅडम' म्हटलेलं चालत नाही, 'काकू' तर मुळीच नाही. मिस्त्री म्हणायचं. एक कंत्राटदार गमतीने 'मिस्त्रीणबाई' म्हणायचा. त्याच्याशी ती दोन वर्षं बोलली नाही. तिसऱ्या वर्षी जे काही बोलली, ते ऐकून त्याला आधीची दोन वर्षं बरी वाटली असणार.

मी तिची धाकटी बहीण. माझं चष्म्यांचं दुकान त्याच बाजारपेठेत आहे, घड्याळवाल्यांच्या इमारतीत, तळमजल्यावर. घड्याळवाले कधीच गेले, नाव राहिलं. माझ्या डोक्यावर, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांवर, एका ओळीत अकरा दगडी फुलं आहेत. एकेक फूल जेवणाच्या ताटाएवढं. ताईचं म्हणणं असं की मी डोळ्यांचा धंदा करूनही मला काही दिसत नाही, आणि माझं म्हणणं असं की तिला कानाशिवाय काही वापरताच येत नाही. या वादात मी हरले, ते आता सांगते.

दुकान उघडून अठरा वर्षं झाली. दर आठवड्याला ताई एकदा येते, पण नेहमी मागच्या दाराने. मागे कचऱ्याचे डबे आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत, एक खाष्ट मांजर आहे. तरी तिकडूनच. मला वाटायचं, तिची स्कूटर लावायला तिथे बरं पडतं. अठरा वर्षं मी असंच समजत होते.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा चुन्याचे कारागीर. आमच्या परसात चुना मुरवायचा हौद होता. भाजलेला चुना पाण्यात पडला की हौद उकळायचा आणि आई आम्हा दोघींना खोलीत कोंडून ठेवायची. थंड झाला की तो दह्यासारखा दिसायचा. त्यावर पाणी राखून बाबा तो दोन-दोन वर्षं मुरवत ठेवायचे, मग वापरायचे. बाबा बोलायला अगदी कंजूष. आई म्हणायची, यांच्या तोंडून एक वाक्य काढण्यापेक्षा हौद उपसणं सोपं. त्यांच्या डाव्या अंगठ्याचं टोक तरुणपणी छिन्नीखाली गेलं होतं, त्यामुळे तो अंगठा तिरपा कापलेल्या पेन्सिलीसारखा दिसायचा.

आमच्या घरच्या कामाची एक रीत होती. नक्षीचं काम संपलं की शेवटच्या ओल्या मालावर, खालच्या अंगाला, रस्त्यावरून कोणाला दिसणार नाही अशा जागी अंगठा दाबायचा. सही करायची नाही, साल घालायचं नाही, फक्त अंगठा. मी लहानपणी विचारलं होतं, "कोणाला दिसत नाही तर कशाला?" बाबा म्हणाले, "पुढच्या मिस्त्रीला दिसतो." त्या आठवड्यातलं त्यांचं सगळ्यात लांब वाक्य ते असावं.

ताई चौदाव्या वर्षापासून बाबांबरोबर कामावर जायला लागली. शाळा सुटली की दप्तर माझ्या हातात आणि ही परांचीवर. भिंत वाजवून ऐकायचा कान बाबांनीच तिला दिला. चोविसाव्या वर्षी तिला तिचं स्वतःचं, एकटीचं पहिलं काम मिळालं, आणि ते होतं घड्याळवाल्यांच्या इमारतीचं. अकराही फुलांच्या पाकळ्या झिजल्या होत्या, कुठे कुठे तुटल्या होत्या. त्या बुजवून, घडवून पुन्हा उभ्या करायच्या होत्या.

मालकांना सिमेंट हवं होतं. खरं सांगायचं तर ताईलाही तेच हवं होतं. चुन्याचं काम म्हणजे आठवडेच्या आठवडे ओलं पोतं टांगून भिंतीची मनधरणी करायची. सिमेंट रात्रीत दगड होतं. बाबा जेवताना एवढंच म्हणाले, "मऊ दगडाला कडक माल लावू नकोस. भिंतीला श्वास घ्यायचा असतो."

"भिंतीला नाक कुठे असतं, बाबा?" ताईने विचारलं. मी फिदीफिदी हसले. त्या हसण्याने ताईला आणखी चेव आला. "चुन्याचे दिवस गेले आता," ती म्हणाली, "आणि तुमचेही."

बाबांनी ताट बाजूला सारलं नाही, आवाज चढवला नाही. जेवण संपवलं, हात धुतले आणि परसात जाऊन हौदावर पाणी घालून आले. ताईचं काम बघायला ते एकदाही गेले नाहीत. निदान आम्हा सगळ्यांची तशी समजूत होती.

काम दीड महिना चाललं. मध्ये सात फुलं झाल्यावर परांचीवरून उतरताना ताईचा पाय मुरगळला आणि ती तीन दिवस घरी पडून राहिली. मला ते दिवस चांगले आठवतात, कारण ताई पलंगावरून हुकूम सोडायची आणि मी पळायचे. तिला पाणी दे, तिची उशी नीट कर, पायाला शेक दे, आणि संध्याकाळी बाबा आले की त्यांच्या चुन्याने उललेल्या बोटांना तेल लाव. ते कोणाच्या तरी अंगणाची भिंत करत होते. चौथ्या दिवशी ताई लंगडत कामावर गेली आणि उरलेली चार फुलं पुरी केली. अकराव्याच्या खाली तिने अंगठा दाबला. मग सगळी भिंत सायीच्या रंगाने रंगवून काढली. मालक खूश झाले. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात ताई कमरेवर हात ठेवून अशी उभी होती की इमारत तिनेच पायापासून बांधली असावी.

त्यानंतर बाबा जेव्हा जेव्हा ताईबरोबर त्या रस्त्याने जायचे, तेव्हा वर न बघता एकच वाक्य बोलायचे. "सातव्याकडे लक्ष ठेव."

"का? काय झालंय सातव्याला?"

"काही नाही. लक्ष ठेव."

बस्स. पुढे एक शब्द नाही. ताईचा तिळपापड व्हायचा. तिने एकदा समोरच्या फुटपाथवर उभं राहून सातव्या फुलाच्या पाकळ्या चारदा मोजल्या. आठ होत्या, आठच असायला हव्या होत्या. "ते मुद्दाम टोचतात," घरी येऊन ती मला सांगायची आणि भांडी आपटायची. "दहा चांगली झाली ते दिसत नाही. एकात काहीतरी खोट काढून ठेवली आहे, आणि ती काय तेही सांगणार नाहीत." हळूहळू ती त्या रस्त्याने जायचीच बंद झाली. सहा वर्षांनी बाबा गेले. जाण्याआधी दवाखान्यात त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली, हौदावर पाणी आहे का ते विचारलं आणि ताईला म्हणाले, "सातव्याकडे..." ताई म्हणाली, "हो बाबा, ठेवते." आणि तोंड फिरवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. मी तिच्यावर तेव्हा फार रागावले होते.

बाबा गेल्यावर दोन वर्षांनी ताईला कळायचं ते कळलं. दुसऱ्या एका इमारतीवर कोणीतरी केलेली सिमेंटची डागडुजी ती काढत होती. वरचा सिमेंटचा पापुद्रा अखंड निघाला आणि त्याच्या मागे दगड नव्हताच, पीठ होतं. ओल आत शिरली होती, सिमेंटने तिला बाहेर पडू दिलं नव्हतं आणि आतल्या आत दगड कुजवला होता. ताई त्या दिवशी दुपारीच घरी आली. परसातल्या हौदात तोवर आईने झेंडूची रोपं लावली होती. ताईने ती उपटली, हौद घासला आणि चुना आणायला गेली. आई नुसती बघत राहिली.

तेव्हापासून ताई चुन्याची अशी काही कैवारी झाली की तिच्यासमोर सिमेंटचं नाव काढायची सोय राहिली नाही. भावोजींनी एकदा न्हाणीघराचा उंबरा सिमेंटने बसवून घेतला, तर तिने दोन दिवस अबोला धरला. जुन्या इमारतींबद्दलच्या बैठकांना तिला बोलावणं येऊ लागलं. तिने हाताखाली माणसं तयार केली. पण या सगळ्या वर्षांत तिच्या तोंडून घड्याळवाल्यांच्या इमारतीचा उल्लेख कधी आला नाही, आणि माझं दुकान तिथे असूनही मला त्यात वावगं वाटलं नाही.

गेल्या वर्षी नगरपालिकेने ठरवलं की बाजारपेठेतल्या सगळ्या इमारतींचे दर्शनी भाग नीट करायचे. अख्खा रस्ता. ताई या दिवसाची वीस-बावीस वर्षं वाट बघत होती. कामाच्या अटी लिहायलाही तिलाच बसवलं. त्यातली एक अट तिने हट्टाने घातली: ज्याच्या हातून पूर्वी या रस्त्यावरच्या कोणत्याही दर्शनी भागाचं नुकसान झालं असेल, त्याला मुख्य मिस्त्री म्हणून नेमायचं नाही. त्या 'मिस्त्रीणबाई'वाल्यासाठी ते कलम होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मुख्य मिस्त्री ताईच होणार हेही सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कागद निघायचा बाकी होता.

पहिली इमारत घड्याळवाल्यांची निघाली. तपासणीसाठी परांची बांधली. नगरपालिकेचे इंजिनियर वर चढले. तरुण, काटकुळे, मनापासून काम करणारे. त्यांच्या चष्म्याचा नंबर मीच काढलेला, त्यामुळे त्यांना नीट दिसलं नाही असं मला म्हणता येत नाही. त्यांनी तीन नंबरचं, पाच नंबरचं आणि नऊ नंबरचं फूल कोरून बघितलं. तिन्ही ठिकाणी रंगाच्या आणि वरच्या थराच्या मागे दगड नखाने खरवडता येत होता. त्यांनी अहवाल लिहिला: दगडाचं आयुष्य संपलं आहे, फुलं कधीही खाली येतील, सोमवारी अकराही उतरवून भिंत सपाट करावी.

अहवाल गुरुवारी आला. दुपारी ताई आली, मागच्या दारानेच. मी एका गिऱ्हाइकाचा नंबर काढत होते. ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाली, "दगड चांगला आहे."

"तू वाजवलास?"

"वाजवायची गरज नाही. त्याच्यावर सिमेंट आहे. सिमेंटने मागचा थर खाल्लाय, तेवढा काढून टाकला की आतला दगड शाबूत मिळेल. पण रंगाचे तीन हात बसलेत, कोणाला काय कळणार? साहेबांना वाटतंय दगडच सडला."

"मग सांग त्यांना."

"ते विचारतील, सिमेंट आहे हे तुम्हाला कसं माहीत."

मी तिच्याकडे बघितलं. मग तो वर्तमानपत्रातला फोटो मला आठवला, कमरेवर हात ठेवलेला. आणि मागचं दार आठवलं, डबे आठवले, ते मांजर आठवलं. एवढं सगळं एकदम दिसल्यावर मी हातातली फ्रेम खाली ठेवली.

"आणि कलम?" मी विचारलं.

"मीच घातलंय ना."

मी तिला जे सांगितलं त्याचा मला अभिमान नाही. मी म्हणाले, मूग गिळून गप्प बस. एका इमारतीची अकरा फुलं गेली तर गेली, पुढच्या चाळीस इमारती तुझ्या हातून नीट होतील. मुख्य मिस्त्री दुसरा कोणी झाला तर चाळीसांचं काय होईल, विचार कर. मला तो मुद्दा फार बिनतोड वाटत होता.

ताईने माझं सगळं ऐकून घेतलं. मग काउंटरवर टक टक केलं. "आत पोकळ आहे," ती म्हणाली. काउंटरबद्दल म्हणाली की माझ्या मुद्द्याबद्दल, मी विचारलं नाही. "सोमवारी ती फुलं फोडतील ती तुझ्या दारात पडतील. तू आत बसून बघशील, मी मागच्या दाराने येईन. असं किती दिवस चालायचं? उद्या सांगून टाकते." ती ठरवूनच आली होती. स्वतःच्या तोंडून एकदा ऐकायला तेवढी माझ्याकडे आली होती.

शुक्रवारी सकाळी माझ्या दुकानासमोरच्या फुटपाथवर तिघं जमली: इंजिनियर, नगरपालिकेच्या या कामाच्या प्रमुख मॅडम, आणि ताई. मी दार उघडं ठेवून आत चष्मे पुसत उभी होते. एकच चष्मा पुसत होते, पण पुसत होते. समोरून आल्यावर ताईला वर बघावंच लागलं. ती जरा वेळ बघत राहिली. मग नेहमीच्या ठाम आवाजात म्हणाली, "साहेब, दगड सडलेला नाही. वरच्या थरात सिमेंट आहे. ते मी भरलंय. बत्तीस वर्षांपूर्वी."

इंजिनियरांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. मॅडम म्हणाल्या, "मिस्त्री, तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय. कलम माझंच आहे. कलमाचं मागाहून बघा, आधी फुलांचं बघा."

"पण बत्तीस वर्षांपूर्वीचं नुसतं सांगून कसं चालेल?" इंजिनियर म्हणाले. आवाजात उर्मटपणा नव्हता, खरोखर अडचण होती. "मला अहवालात काहीतरी दाखवायला लागेल."

ताईने दारातूनच माझ्याकडून चष्म्यांच्या खोक्याचा पुठ्ठा मागून घेतला आणि तिथेच उभं राहून त्यावर अकरा गोल काढले. मग एकेका गोलात पाकळ्या काढून कोणत्या पाकळीत किती सिमेंट आहे ते भरत गेली. वर बघत नव्हती. पहिल्यात दोन पाकळ्या, दुसऱ्यात एक आणि मधला गाभा, तिसऱ्यात खालचा सगळा अर्धा भाग. माझ्या सासरच्यांच्या वाढदिवसांच्या तारखा तिला आजतागायत लक्षात राहिलेल्या नाहीत, पण हे सगळं तिच्या बोटांत होतं. सातव्यात तिने डाव्या अंगाच्या तीन पाकळ्या भरल्या. पुठ्ठा आणि स्वतःची लाकडी हातोडी तिने इंजिनियरांच्या हातात दिली. "जिथे काळं केलंय तिथे भद्द वाजेल. बाकीच्या दगडावर खणखणीत वाजेल. तुम्हीच वाजवा. मी इथेच थांबते."

इंजिनियर वर गेले. आम्ही तिघी खाली. पहिलं फूल: दोन पाकळ्या भद्द, बाकी खणखणीत. दुसरं तसंच. तिसरं तसंच. ते वरून ओरडून सांगत होते आणि प्रत्येक वेळी त्यांच्या आवाजातलं आश्चर्य वाढत होतं. मॅडम पुठ्ठ्याचा फोटो आपल्या मोबाइलवर घेऊन पडताळत होत्या. सहाव्यापर्यंत एकही चूक नाही. माझा जीव भांड्यात पडत होता आणि ताईची मान, मला इथून दिसत होतं, हळूहळू ताठ होत होती.

"सातवं चुकलं," इंजिनियर वरून म्हणाले.

ताईने मान वर केली. "कसं चुकलं?"

"डाव्या तीन पाकळ्या म्हणालात ना? छान वाजतात. सगळं फूल छान वाजतं."

"नाही साहेब. तीन पाकळ्या मी भरल्यात. तिथेच कुठेतरी खोट आहे, मला पक्कं माहीत आहे. पुन्हा वाजवा."

त्यांनी पुन्हा वाजवलं. तो आवाज खाली आम्हालाही ऐकू आला. सगळा दगड एका जिवाचा असल्यासारखा आवाज होता. ताईने कोणाला काही न सांगता साडीचा पदर खोचला आणि परांची चढली.

इंजिनियर पुढच्या फुलांकडे सरकले. आठ, नऊ, दहा, अकरा, सगळी पुठ्ठ्याप्रमाणे निघाली. ताई सातव्यापाशीच बसून होती. पातळ पात्याने तिने डाव्या पाकळ्यांवरचा रंग सोलायला घेतला. पाऊण तास गेला. मॅडमना दोन फोन येऊन गेले. मग ताईने वरून मला हाक मारली. "वर ये."

मला उंचीची भीती वाटते. हे ताईला चांगलं ठाऊक आहे. मी म्हणाले, "इथूनच सांग."

"वर ये म्हणते ना."

कशी चढले ते मला विचारू नका. मी फळीवर पोचले तेव्हा डोळे मिटलेलेच होते. ताईने माझी मान धरून खाली वाकवली, लहानपणी धरायची तशी. "बघ. चष्मेवाली आहेस ना. बघ."

पाकळ्यांवरचा रंग निघाला होता. खाली सिमेंटसारखाच करडा थर दिसत होता, पण तो सिमेंट नव्हता. ताईने नखाने किंचित कड काढून दाखवली. चुना होता, राख कालवून रंग सिमेंटशी जुळवलेला. दगडाला असा मिळून गेला होता की सांधा शोधावा लागत होता. आणि सगळ्यात खालच्या पाकळीच्या आतल्या अंगाला एक अंगठा दाबलेला होता. डावा. टोक तिरपं कापलेला.

मला तेल आठवलं. त्या तीन संध्याकाळी मी ज्या बोटांना तेल चोळलं ती बोटं. कोणाच्या अंगणाची भिंत होती ती, मी कधी विचारलंच नव्हतं. ताई पाय वर करून घरी पडली होती तेव्हा बाबा इथे बसून तिने आदल्या दिवशी भरलेलं, अजून कच्चं सिमेंट काढत होते आणि हौदातला चुना भरत होते. मी हे ताईला सांगितलं. सांगताना माझा आवाज फुटला, आणि तेवढ्या उंचीवर रडताना भीती वाटत नाही हे मला त्या दिवशी समजलं.

ताईने त्या अंगठ्यावरची धूळ फुंकली. मग तिला राग आला. खरा राग. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती रागाने बोलत होती. "सरळ सांगायला काय झालं होतं त्यांना? तोंड उघडून? नीट समजावून सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं का?"

"नसतंस," मी म्हणाले. "भिंतीला नाक कुठे असतं, म्हणाली असतीस."

तिने पदराने नाक पुसलं.

"आणि सांगितलं होतं त्यांनी, ताई. दर वेळी सांगितलं. शेवटचंही तेच सांगितलं."

तिने हात पुढे केला आणि बोटाच्या पेराने सातवं फूल वाजवलं. एकदाच. मान तिरकी करून ऐकलं, आणि मग डोकं त्या पाकळ्यांना टेकवून बसली. खाली मॅडम घड्याळ बघत होत्या. मी त्यांना हाताने थांबा अशी खूण केली. त्या थांबल्या.

अहवाल बदलला. एकाच दगडाची अकरा फुलं, एकाच पावसात, एकाच उन्हात बत्तीस वर्षं उभी. दहांच्या मागे पीठ आणि एक शाबूत. इंजिनियरांनी लिहिलं की दगडात दोष नाही, चुकीच्या मालात आहे. फुलं उतरवायची नाहीत, सिमेंट काढून चुन्याने घडवायची. त्या कागदाला त्यांनी चष्म्याच्या खोक्याचा पुठ्ठाही जोडला. सरकारी फायलीत माझ्या दुकानाची जाहिरात गेली, तीही फुकट.

कलमाचं मात्र कलमासारखंच झालं. मॅडमनी ताईला कचेरीत बोलावून सांगितलं की त्यांना मनापासून वाईट वाटतंय, पण अट ती अट. ताई म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. अट चांगली आहे." मुख्य मिस्त्री म्हणून तिच्याच हाताखाली तयार झालेली एक चाळिशीची बाई नेमली गेली. ताई तिच्या हाताखाली रुजू झाली. मला हे अजिबात पटलं नाही. मी तीन दिवस फणफणत होते. नवी मुख्य मिस्त्री पहिल्या दिवशी इतकी घाबरलेली होती की ताईला काम सांगायलाच तयार नव्हती. शेवटी ताईच तिला म्हणाली, "अगं, सांग ना काय करू. मला ओरडून घ्यायची सवय नाही, पण शिकेन."

दहा फुलांना सहा महिने लागले. ताईने एकेक पाकळीतलं आपलंच सिमेंट छिन्नीने, गुंज गुंज काढलं. मागचं पीठ झटकलं, चांगला दगड लागेपर्यंत. मग मुरलेला चुना, ओली पोती, पुन्हा चुना. घाई नाही. मला वरून तिचा आवाज यायचा. ती दगडाशी बोलते, मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. सातव्याला तिने हात लावला नाही. फक्त सोललेला रंग तसाच ठेवायला मुख्य मिस्त्रीकडून रीतसर परवानगी घेतली.

परांची उतरवली त्या दिवशी दुपारी दुकानात गर्दी होती. एका आजोबांना मी तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायला लावत होते आणि ते अंदाजाने अक्षरं ठोकत होते. काचेतून मला समोरच्या फुटपाथवर ताई उभी दिसली. हात कमरेवर नव्हते. ती वर बघत होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मध्ये एका जागी थांबून. लोक तिला वळसा घालून जात होते. मग तिने दोन्हीकडे बघून रस्ता ओलांडला आणि माझ्या दुकानाचं पुढचं दार ढकलून आत आली. त्या दाराची घंटा अठरा वर्षांत तिच्या हातून पहिल्यांदा वाजली.

आजोबांनी वळून बघितलं. ताई स्टुलावर बसली, काउंटरला टेकली आणि एक मोठा श्वास सोडला.

"मी उद्यापासून पुढच्या इमारतीवर," ती म्हणाली. "तू इथेच असतेस. सातव्याकडे लक्ष ठेव."

"ठेवते," मी म्हणाले.